'स्मोक ऑन द वॉटर'चा रिफ रेकॉर्डिंगशी जुळत का नाही? आणि त्या आगीची गोष्ट नेमकी काय?

धागाकर्ता: सहातारी

डीप पर्पलचं हे गाणं चौघांच्या बँडमध्ये बसवायचं आहे (गिटार, बेस, ड्रम, कीबोर्ड, बेसवाला गाणार). नेटवर सगळीकडे 'सर्वात सोपा रिफ' (गाण्यात पुन्हा पुन्हा येणारी छोटी चाल) म्हणून जाड सहाव्या तारेवर ०-३-५ असं शिकवतात (० म्हणजे मोकळी तार, बाकी फ्रेटचे म्हणजे घरांचे आकडे). तसं वाजवलं तर चाल ओळखू येते, पण मूळ रेकॉर्डिंग लावून सोबत वाजवलं की सूरच लागत नाही. पॉवर कॉर्डने तिसऱ्या फ्रेटवरून सुरू केलं तर सूर जुळतो, पण आवाज भलताच जाड आणि गढूळ येतो. मूळ रेकॉर्डिंगमधला तो कोरडा, टोकदारपणा कुठून येतो?

दुसरं म्हणजे कार्यक्रमात गाण्याआधी दोन वाक्यं बोलायची आहेत. कोणी म्हणतं हॉटेल जळलं, कोणी म्हणतं स्टुडिओ जळला, कोणी म्हणतं गाणं नशेबद्दल आहे. खरं काय? आणि आल्बम १९७२चा असताना गाणं १९७३ मध्ये का गाजलं?

---

तीव्र_मध्यम

आधी रिफ. तुमचे दोन्ही प्रकार फसतात ते वेगवेगळ्या कारणांनी.

सहाव्या तारेवरच्या ०-३-५ ने चाल ई स्वरात जाते. गाणं जी मायनरमध्ये आहे, त्यामुळे रेकॉर्डिंगसोबत ते कधीच जुळणार नाही. पॉवर कॉर्डने सूर जुळतो, पण पॉवर कॉर्ड म्हणजे खाली षड्ज आणि वर पंचम. डीप पर्पलचा गिटारवादक ब्लॅकमोर वाजवतो ते याच्या उलट आहे: पंचम खाली, षड्ज वर. दोन स्वरांत अंतर पंचमाचं नाही, चौथ्याचं. रिफमधली प्रत्येक जोडी अशीच आहे.

जी ला सा धरा. वरची चाल: सा, कोमल ग, म / सा, कोमल ग, तीव्र म, शुद्ध म / सा, कोमल ग, म, कोमल ग, सा. संपलं. खालची ओळ सगळीकडे त्याच अंतरावर चालते: सा च्या खाली मंद्र पंचम, कोमल ग च्या खाली मंद्र कोमल नी, म च्या खाली सा, तीव्र म च्या खाली कोमल रे.

हे वाजवायच्या दोन जागा आहेत.

पहिली, मोकळ्या तारांची: चौथी (डी) आणि तिसरी (जी) तार एकत्र.
० ३ ५ | ० ३ ६ ५ | ० ३ ५ ३ ०

दुसरी, पूर्ण दाबलेली: जिथे ० आहे तिथे पाचवी आणि चौथी तार पाचव्या फ्रेटवर. बाकी ३, ५, ६ वरच्याप्रमाणेच चौथ्या-तिसऱ्या तारेवर. स्वर तेच, एका हर्ट्झचा फरक नाही. पाचव्या फ्रेटला अनामिका आडवी, तिसऱ्याला तर्जनी आडवी, सहाव्याला करंगळी. करंगळी दोन तारा नीट दाबत नसेल तर अनामिकाच एक घर पुढे सरकवा.

मी दुसरी जागा सुचवेन. रिफमध्ये स्वर जितका महत्त्वाचा तितकंच तो कुठे तुटतो हे महत्त्वाचं. दाबलेली तार बोट जरा सैल केलं की गप्प होते. मोकळी तार वाजतच राहते, पुढच्या जोडीत मिसळते आणि तोच तुमचा गढूळपणा. मोकळ्या तारांवरच वाजवायचं असेल तर उजव्या तळव्याची कड पुलाजवळ टेकवून दर वेळी तारा बंद कराव्या लागतील.

पिक बाजूला ठेवा. हे कोणी सांगत नाही आणि अर्धा फरक इथेच आहे. पिकने दोन तारा छेडल्या की खालची तार किंचित आधी वाजते, वरची मागून येते. ब्लॅकमोर अंगठा आणि बोटाने दोन्ही तारा एकदम उपटतो, म्हणून जोडी एका ठोक्यात फुटते. अंगठा जाड तारेखाली, तर्जनी बारीक तारेखाली, चिमटीत धरल्यासारखं ओढून सोडायचं. जोर लावू नका, तार फ्रेटवर आपटून खणखणते.

आता लय, कारण खरी गाडी तिथेच घसरते. रिफचं आवर्तन चार बारांचं, म्हणजे सोळा मात्रांचं. "एक आणि दोन आणि तीन आणि चार आणि" असं मोठ्याने मोजा:

पहिला बार: १ वर ०, २ वर ३, ३ वर ५, मग ४ नंतरच्या 'आणि'वर ०.
दुसरा बार: १ वर काहीही नाही. १ नंतरच्या 'आणि'वर ३, २ नंतरच्या 'आणि'वर ६, आणि ३ वर ५.
तिसरा बार: १, २, ३ वर ०, ३, ५. ४ नंतरच्या 'आणि'वर ३.
चौथा बार: १ रिकामा, लगेचच्या 'आणि'वर ०, आणि तो धरून ठेवायचा.

दुसऱ्या बारच्या १ वर हात आपोआप पडतो. तो पडला की पुढचं सगळं अर्धी मात्रा पुढे सरकतं, आणि ड्रमर आल्यावर कळतं की आपण भलतीकडेच आहोत. त्या मात्रेवर पाय आपटा, हात नको. मेट्रोनोम आधी ७० वर ठेवा. मूळ गती ११२ च्या आसपास आहे.

---

जुनी_तबकडी

रिफबद्दल वर नेमकं लिहिलंय. आगीबद्दल मी लिहितो.

जळला तो कॅसिनो, स्वित्झर्लंडमधल्या माँत्रूचा. तारीख ४ डिसेंबर १९७१. डीप पर्पल तिथे 'मशीन हेड' आल्बम रेकॉर्ड करायला गेले होते. रोलिंग स्टोन्सच्या मालकीचा फिरता स्टुडिओ (एका ट्रकमध्ये बसवलेली सगळी यंत्रणा) भाड्याने घेतला होता. बेत असा की कॅसिनोचं सभागृह हिवाळ्यासाठी बंद झालं की रिकाम्या रंगमंचावर वाजवायचं आणि केबल बाहेरच्या ट्रकपर्यंत न्यायच्या. बंद होण्याआधीचा शेवटचा कार्यक्रम फ्रँक झापा आणि मदर्स ऑफ इन्व्हेन्शनचा होता, आणि डीप पर्पलची मंडळी तो ऐकायला प्रेक्षकांत बसली होती.

'किंग काँग' या रचनेत डॉन प्रेस्टनचा सिंथेसायझर चालू असताना प्रेक्षकांतल्या कोणीतरी फ्लेअर गन (इशाऱ्याचा जळता गोळा उडवणारी बंदूक) छताकडे उडवली. छताला वेताचं आच्छादन होतं. ते पेटलं आणि सगळा कॅसिनो गेला, झापाच्या बँडच्या वाद्यांसकट. कोणीही दगावलं नाही. गाण्यात ज्या 'फंकी क्लॉड'चा उल्लेख येतो तो क्लॉड नॉब्स, माँत्रू जॅझ महोत्सवाचा संस्थापक. आत अडकलेल्या मुलांना तो बाहेर काढत होता. धूर जिनिव्हा सरोवरावर पसरला, आणि शीर्षकातलं पाणी ते हेच. (झापाचं नशीब त्या आठवड्यात फिरलंच होतं. १० डिसेंबरला लंडनच्या रेनबो थिएटरमध्ये एका प्रेक्षकाने त्याला रंगमंचावरून खाली वाद्यवृंदाच्या खड्ड्यात ढकललं आणि तो जबर जखमी झाला.)

आता डीप पर्पलकडे ट्रक होता, पण जागा नव्हती. नॉब्सने त्यांना गावातलं पॅव्हिलियन नावाचं नाट्यगृह मिळवून दिलं. या गाण्याचं वाद्यांचं मूळ रेकॉर्डिंग तिथे झालं, आणि तेव्हा त्याला ना शब्द होते ना नाव. आवाज इतका होता की शेजाऱ्यांनी तक्रार केली आणि पोलीस आले. बँडचे मदतनीस आतून दारं दाबून उभे राहिले आणि तेवढ्यात टेक पूर्ण झाला. त्यानंतर पॅव्हिलियन बंद.

शेवटी गावाच्या टोकाला हिवाळ्यासाठी बंद असलेलं ग्रँड हॉटेल मिळालं. आवाज आवरायला गाद्या लावल्या आणि एका मार्गिकेत वाद्यं मांडली. वाजवलेलं ऐकायला ट्रकपर्यंत जायचं तर खोल्या, बाल्कन्या, जिने असा इतका वळसा होता की त्यांनी टेक ऐकायला जाणंच सोडलं. 'मशीन हेड' एका दमात वाजवल्यासारखा वाटतो त्यात या वळशाचाही हात असावा, असं माझं मत.

शब्द सर्वात शेवटी आले. शीर्षक बेसवादक रॉजर ग्लोव्हरचं. आगीनंतर काही दिवसांनी झोपेतून जागं होताना ते त्याच्या तोंडी आलं. हे नशेचं गाणं वाटेल या धास्तीने आधी ते बाजूलाच ठेवलं होतं. म्हणजे नशेचा संशय पहिल्यांदा खुद्द बँडलाच आला होता, गाण्यात मात्र त्याचा मागमूस नाही. आल्बम काही मिनिटांनी कमी भरतोय असं लक्षात आल्यावर पॅव्हिलियनचा तो ट्रॅक बाहेर काढला, आणि गायक गिलन व ग्लोव्हरने आठवडाभरात जे घडलं ते जसंच्या तसं लिहून काढलं: पहिल्या कडव्यात येणं आणि आग, दुसऱ्यात जळालेला कॅसिनो आणि जागेची शोधाशोध, तिसऱ्यात थंडगार रिकामं हॉटेल आणि बाहेर उभा ट्रक. रॉकमध्ये इतकं बातमीवजा गाणं विरळाच.

तेव्हा निवेदनात 'हॉटेलात आग लागली' असं म्हणू नका. 'ग्रँड हॉटेलात हे गाणं वाजवलं' हेही अर्धवटच, कारण वाद्यं पॅव्हिलियनची आहेत.

---

सहातारी

दोघांचेही आभार. दाबलेल्या जागेवर लगेच फरक कळला. अजून दोन प्रश्न: चौथ्याच्या अंतराने आवाज इतका का बदलतो? स्वर तर तेच दोन आहेत. आणि आमच्या गायकाला जी मायनर उंच पडतंय. एफ मायनरमध्ये आणलं तर रिफचं काय?

---

ओव्हरड्राइव्ह_२

दुसऱ्याचं उत्तर सोपं आहे. दाबलेली जागा तशीच दोन घरं मागे न्या: पाचवी-चौथी तार तिसऱ्या फ्रेटवर, मग चौथी-तिसरी तार १, ३ आणि ४ वर. मोकळ्या तारांची सवय लावली असती तर इथे अडला असता. फक्त पहिल्या फ्रेटवर दोन तारा आडव्या दाबायला नटजवळ जोर जास्त लागतो आणि स्वर चटकन वर चढतो. बोट फ्रेटच्या पट्टीला अगदी चिकटून ठेवा.

पहिल्याचं उत्तर अँपमध्ये आहे. विकृत म्हणजे ओव्हरड्राइव्ह आवाजात दोन स्वर घातले की अँप त्यांच्या वारंवारतेच्या फरकाइतका तिसरा स्वर स्वतःच तयार करतो. आकड्यांत बघा. मोकळी जी तार १९६ हर्ट्झ, मोकळी डी १४७. फरक ४९. हा ४९ म्हणजे दोन सप्तकं खालचा जी! आता तुमची पॉवर कॉर्ड: जी १९६ आणि वरचा डी २९४, फरक ९८, म्हणजे एकच सप्तक खालचा जी. रिफच्या जोडीत खाली पंचम असूनही कान जी लाच आधार मानतो, आणि तो आधार बेसच्या घरात जाऊन बसतो. तारांवरचे दोन स्वर मात्र मधल्या पट्टीत मोकळे राहतात. जाडी आहे, पण ती गिटारच्या पट्टीत अडत नाही.

तुम्ही पॉवर कॉर्ड सहाव्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवरून घेत असाल तर तो जी ९८ चा. म्हणजे सगळंच एक सप्तक खाली, बेसच्या डोक्यावर. गढूळ होणारच.

याच कारणाने गेन (अँपवरचा ओव्हरड्राइव्ह वाढवणारा नॉब) कमी ठेवा. गेन वाढवला की हे फरकाचे स्वर आणि त्यांची पिल्लावळ इतकी वाढते की जोडीचे दोन स्वर वेगळे ऐकूच येत नाहीत. कसोटी: अँप चालू ठेवून एकच तार हळू छेडली तर आवाज जवळजवळ स्वच्छ यायला हवा आणि दोन तारा उपटल्या की खरखर यायला हवी. बेस नॉब अर्ध्याखाली, मिडल अर्ध्यावर. रिव्हर्ब नको, रिकाम्या मात्रा भरून जातात.

---

तीव्र_मध्यम

फरकाच्या स्वराचं गणित झकास. त्यावर एक भर. रिफच्या खालच्या ओळीत तीव्र मध्यमाखाली कोमल रे येतो असं वर लिहिलं होतं, म्हणजे ए फ्लॅट. धृपदाच्या कॉर्ड बघा: सी, ए फ्लॅट, मग जी. धृपदात दणक्यात येणारी ती अनपेक्षित ए फ्लॅट रिफमध्ये अर्ध्या मात्रेपुरती आधीच वाजून गेलेली असते, म्हणून ती परकी वाटत नाही. कडव्यात मुख्यतः जी मायनर आणि मध्येच एफ.

रिफच्या उगमाबद्दलही विचारलं जातं. ब्लॅकमोर थट्टेत म्हणतो की बेथोवनची पाचवी सिंफनी उलटी फिरवली. आस्त्रूद झिल्बेर्तोच्या १९६६च्या एका आल्बममध्ये कार्लोस लिराच्या ब्राझिली गाण्याची सुरावट जवळपास अशीच येते, हे ऐकून ताडता येईल. तेवढ्यावरून चोरी म्हणणं मला पटत नाही. सा, कोमल ग, म हे ब्लूजमध्ये रोजचेच स्वर आहेत.

---

जुनी_तबकडी

१९७३चा प्रश्न राहिला होता.

'मशीन हेड' मार्च १९७२ मध्ये आला आणि ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेला. पण पहिलं सिंगल (एकेका गाण्याची छोटी तबकडी) म्हणून 'नेव्हर बिफोर' काढलं होतं. 'स्मोक'कडे कोणी सिंगल म्हणून बघितलंच नाही. साडेपाच मिनिटांहून लांब, आणि विषय स्वतःच्याच रेकॉर्डिंगची फजिती.

गणित बदललं ते रंगमंचावर. ऑगस्ट १९७२ मध्ये जपानमध्ये ओसाका आणि टोकियोचे तीन कार्यक्रम रेकॉर्ड झाले आणि त्यातून 'मेड इन जपान' हा दुहेरी आल्बम निघाला, ब्रिटनमध्ये डिसेंबर १९७२ला, अमेरिकेत एप्रिल १९७३ला. त्यातलं 'स्मोक' ओसाकाच्या १५ ऑगस्टच्या रात्रीचं. लगोलग मे १९७३ मध्ये अमेरिकेत सिंगल आलं: एका बाजूला स्टुडिओतलं गाणं चार मिनिटांच्या आत कापून, दुसऱ्या बाजूला जपानचं. कापल्यामुळे ते साध्या रेडिओच्या वेळापत्रकात बसलं. बिलबोर्डच्या यादीत चौथ्या क्रमांकापर्यंत चढलं आणि वर्षभर जुना 'मशीन हेड'ही अमेरिकेत सातव्या क्रमांकापर्यंत गेला.

गंमत अशी की सिंगल जुलै अखेरीस शिखरावर होतं आणि ज्यांनी ते वाजवलं तो संच महिन्याभरापूर्वीच मोडला होता. २९ जून १९७३ला ओसाकातच गिलन आणि ग्लोव्हरचा शेवटचा कार्यक्रम झाला. ब्रिटनमध्ये तर हे गाणं सिंगल म्हणून १९७७ मध्ये यादीत आलं, एकविसाव्या क्रमांकावर.

पुढे ते बँडच्या हातातून सुटून सगळ्यांचं झालं. १९८८च्या आर्मेनियातल्या भूकंपानंतर मदतनिधीसाठी १९८९ मध्ये याची नवी आवृत्ती केली, त्यात गिलनसोबत ब्रूस डिकिन्सन, पॉल रॉजर्स, ब्रायन ॲडम्स गायले, आणि गिटारला ब्लॅकमोर, टोनी आयोमी, ब्रायन मे, डेव्हिड गिलमोर अशी मांदियाळी होती. २००७ मध्ये अमेरिकेत कॅन्सस सिटीत दीड हजारांहून जास्त गिटारवाल्यांनी एकत्र हाच रिफ वाजवून विक्रम केला. विक्रमासाठी हाच का, तर वर दिलेलं आवर्तन नवशिक्याला एका दुपारी येतं. बरोबर येतं असं नाही, पण येतं.

---

चौथी_तार

बेसवाला गाणार आहे म्हणून हे लिहितोय.

आवाज एकेक करून आत येतात ही या गाण्याच्या सुरुवातीची सगळी जादू. आधी गिटार एकटी. मग हाय-हॅट (ड्रममधली झांजांची जोडी) आणि ऑर्गन. मग बाकीचे ड्रम. बेस सर्वात शेवटी. तालमीत बहुतेक बँड दुसऱ्याच आवर्तनात सगळे तुटून पडतात आणि मग कडव्याला वाढायला जागाच उरत नाही. कोण कितव्या आवर्तनाला येणार हे रेकॉर्डिंग ऐकून मोजा आणि कागदावर लिहून ठेवा.

बेसने रिफ वाजवायचा नाही. हा मोह फार होतो. बेस जी वर ठाण मांडून दर बारला सरळ आठ ठोके देतो आणि त्याच्यावर रिफ डुलतो. दोघांनी एकच चाल धरली तर 'आणि'वरचे ठोके कशाच्या विरुद्ध आहेत हेच कळत नाही. (एफ मायनरमध्ये अर्थातच एफ वर: त्यासाठी पाच तारांचा बेस लागत नाही, चार तारांच्या बेसवर सगळ्यात जाड तारेचा पहिला फ्रेट.) गाताना बेसचा हात यंत्रासारखा चालायला हवा, म्हणून आधी मेट्रोनोमवर ते ठोके देत नुसतं बोलायचा सराव करा, सूर नंतर.

ड्रमरने हाय-हॅटवर सोळावे, म्हणजे मात्रेला चार ठोके, वाजवायचे आहेत. ११२च्या गतीला ते सेकंदाला साडेसात ठोके होतात. एका हाताने जमत नसेल तर दोन्ही हातांनी घ्या, स्नेअर येईपर्यंत दुसरा हात रिकामाच आहे. पण तालमीत गती चढते ती इथेच, गिटारवाला मग हाय-हॅटच्या मागे पळतो.

कीबोर्डवाल्याला सांगा, जी मायनरची पूर्ण कॉर्ड धरू नकोस. डीप पर्पलचा कीबोर्डवादक जॉन लॉर्ड हॅमंड ऑर्गन मार्शल अँपमधून काढायचा, म्हणून तो गिटारच्या जोडीला दुसऱ्या गिटारसारखा ऐकू येतो. उजव्या हाताने फक्त जोड्या: डी-जी, एफ-बी फ्लॅट, जी-सी, ए फ्लॅट-डी फ्लॅट. तुमच्या पट्टीत प्रत्येक स्वर एक पूर्ण स्वर खाली, म्हणजे सी-एफ, ई फ्लॅट-ए फ्लॅट, एफ-बी फ्लॅट, जी फ्लॅट-बी. ऑर्गनचा आवाज निवडून त्यावर ओव्हरड्राइव्ह चढवा, रोटरी स्पीकरचा परिणाम संथ किंवा बंद. डावा हात खिशात.